टाप्याचं माप

इस्रायलहून परतल्यापासून अलिबागेत भेटेल तो एकच विचारतो, "जेरुसलेम पाहिलंत का?" पाहिलं. मृत समुद्रात तरंगलेसुद्धा, फ्लोराने बळेबळे चढवायला लावलेल्या तिच्या झग्यात, आणि ते ध्यान कोणी टिपलं नाही याबद्दल देवाचे आभार. पण या गोष्टी माहितीपुस्तकांत मिळतात. मला सांगायचंय ते तेल अवीवमधल्या एका लहानशा संग्रहालयाबद्दल. तिथे माझ्या हातून साऱ्या इमारतीची पळापळ झाली आणि एका गुणी मुलीची नोकरी टांगणीला लागली.

आधी माणसं सांगते. फ्लोरा माझी बालमैत्रीण, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. इस्रायल आळीत तिचं घर, पलीकडच्या आळीत आमचं. सत्तावन्न साली ती नवरा आणि आई यांच्यासह तिकडे गेली. वर्षभरात तिला मुलगी झाली, ती ओर्ना. मी इथेच राहिले, मुलींच्या शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. "आता तरी ये," असं फ्लोराचं पत्र आलं, आणि ऐंशीच्या फेब्रुवारीत मी गेले.

लोद विमानतळ

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसले, उतरले. खरी गंमत उतरल्यावर झाली. माझ्या बॅगेत पाच शेर पोहे, आमसुलं आणि तीन नारळ होते. तपासणीला गणवेशातली एक मुलगी होती, माझ्या अकरावीच्या वर्गात शोभेल अशी, फक्त खांद्याला बंदूक. तिने एक नारळ उचलला, कानाशी धरून हलवला आणि आतलं पाणी वाजलं तशी तिची मुद्रा बदलली.

मी इंग्रजीत खुलासा केला. शिक्षकी सवयीने तो जरा लांबला, त्यात बी, गर, कवच सगळं आलं. तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना. तिघांनीही आळीपाळीने तो कानाशी धरला. शेवटी मीच विचारलं, फोडून दाखवू का? टेबलाच्या लोखंडी पायावर दोन टोले घातले, वाटीत पाणी धरलं आणि थोरल्या साहेबांपुढे केलं. त्यांनी आधी मला प्यायला लावलं, मग स्वतः प्याले आणि उरलेले दोन नारळ स्वहस्ते बॅगेत ठेवले.

बाहेर फ्लोरा वाट बघत होती. तेवीस वर्षांनी भेटलो. रडणं उरकल्यावर तिने मला या देशाचा पहिला नियम सांगितला: हातातली पिशवी कुठेही ठेवून लांब जायचं नाही. बेवारशी पिशवी दिसली की इथे लोक आधी पळतात आणि मग मालक शोधतात. मी मान डोलावली. माझ्या विद्यार्थिनी डोलवायच्या तशीच.

रामला

फ्लोराचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढतानाच ओल्या नारळाच्या हिरव्या वाटणाचा वास आला आणि मी क्षणभर कुठे आलेय तेच विसरले. नवरा अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवतो, तो पाळीवर होता. दारात उभ्या होत्या लेआमावशी, फ्लोराच्या आई. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, लुगडं मात्र चापूनचोपून नेसलेलं. मला जवळ घेऊन पहिला प्रश्न, "काय गो कुसुम, रेवसची लाँच येते ना येळेवर?" लाँच कधीच वेळेवर येत नव्हती, तेव्हाही आणि आताही. मी येते म्हणाले. तेवढ्याने त्यांना बरं वाटलं.

मावशींचं अलिबाग सत्तावन्न सालात थांबलंय. ज्यांच्या तेराव्याला मी जेवले त्यांची खुशाली त्या विचारत. पहिल्या दोघातिघांचं मी खरं सांगितलं. मग त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून उरलेल्यांना जिवंतच ठेवलं.

रामल्याचा बाजार मला फार आवडला. अरबी भाजीवाला, रशियन बेकरीवाला, आणि मधे फ्लोरा दोघांशी दोन भाषांत भांडतेय. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी दिली ती आपल्याकडे लग्नघरी लागते एवढी. फ्लोरा म्हणाली, सगळीकडे अशीच देतात. मला अलिबागच्या भाजीवाल्या आठवल्या. चार काड्या जास्त देताना त्या जणू कन्यादान करतात.

घरात सगळ्यांचं लक्ष मात्र येत्या मंगळवारावर होतं. ओर्ना तेल अवीवमधल्या अंतराळप्रवासाच्या इतिहासाच्या संग्रहालयात माहिती सांगायचं काम करते. तीन महिने तात्पुरतं होतं. मंगळवारी शाळेची सहल येणार होती आणि व्यवस्थापक स्वतः तिच्यामागून हिंडून ऐकणार होते. पसंत पडली तर कायम, नाहीतर नारळ, तोही पाण्याविना. "आमच्या घरात सगळ्यांनी हातांनी कमावलं," फ्लोरा म्हणाली, "ही पहिली तोंडाने कमावील."

ओर्नाला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिब्रूत येतं. मला ती दोदा कुसुम म्हणे, म्हणजे मावशी, आणि आजीला सावता. पहिल्याच दिवशी तिने मला आपल्या बाजूला ओढलं, कारण तिला धास्ती होती ती आजीची.

त्याचं असं झालं होतं. महिन्यापूर्वी लेआमावशी वयस्कांच्या मंडळाबरोबर संग्रहालयात गेल्या होत्या. पहिला अंतराळवीर रशियाचा, असं ओर्नाने सांगताच मावशी उठून मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाल्या, चूक. पहिला वर गेला तो आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, आगीच्या रथातून, आणि गेला तो आमच्या खंडाळ्याहून. यावर पोलंडहून आलेल्या एका आजोबांनी सुनावलं की ग्रंथात तर तो यार्देन नदीच्या काठावरून गेला. मावशींनी विचारलं, मग खंडाळ्याच्या खडकावर टापा उमटल्या त्या कोणाच्या घोड्यांच्या? पाव तास वाद चालला आणि ओर्ना घरी येऊन रडली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा घाटातला खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं खंडाळे. तिथे एका कातळावर खुरांसारखे खळगे आणि चाकोऱ्यांसारख्या दोन रेघा आहेत. बेने इस्रायली लोक त्याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात, नवस बोलतात आणि फेडायला मलिदा करतात. लहानपणी मावशी मला त्यांच्या मुलांबरोबर बैलगाडीतून तिथे न्यायच्या आणि मी मलिदा सगळ्यांत जास्त खायची. पुढे चार बुकं शिकल्यावर, ते ठसे पावसापाण्याने झिजून पडलेत, असं मी मावशींना ऐकवलं. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

हे कळल्यापासून ओर्नाला मी फारच आवडू लागले. दोघींनी मिळून मावशींकडून वचन घेतलं, मंगळवारी संग्रहालयात एक शब्द बोलायचा नाही. मावशी म्हणाल्या, "तोंडाला पदर लावते. मग तर झालं?"

मंगळवारी सकाळी मी उठले तोवर मावशींचा मलिदा तयार होता. मी आणलेले पोहे, मी आणलेला नारळ, साखर, वेलची, वर पाच फळं. शेजारची चार माणसं आली, प्रार्थना म्हटली गेली. ओर्ना तेव्हा कामावर निघून गेली होती. मावशींनी डोळे मिटून मोठ्याने नवस बोलला: पोरीचं काम कायम झालं तर टाप्याला मलिदा. मग एक डोळा उघडून माझ्याकडे बोट केलं, "फेडायला ही हाय." मी हो म्हणून बसले.

तेल अवीव

आम्ही तिघी आगगाडीने तेल अवीवला गेलो. माझ्या हातात रेक्झिनची पिशवी, तिच्यात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, डब्यात मलिदा. शुभकार्याच्या दिवशी तो कामाच्या जागी न्यायलाच हवा, असा मावशींचा आग्रह. दारावरच्या रखवालदाराने डबा उघडून वास घेतला आणि आत सोडलं.

संग्रहालय आपल्या तालुक्याच्या वाचनालयाहून थोडं मोठं असेल. पण काय मांडलंय! चिनी दारूच्या बाणांपासून सुरुवात. मग पहिल्या कृत्रिम उपग्रहाची प्रतिकृती, बटण दाबलं की त्याचा बीप-बीप आवाज. अंतराळात पाठवलेल्या कुत्रीची बसायची पेटी. दंतमंजनाच्या नळीसारख्या नळीतलं जेवण. ते बघून मावशी पदराआडून काहीतरी पुटपुटल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं. एका दालनात छताला स्कायलॅबची प्रतिकृती टांगली होती. गेल्या वर्षी ती कोणाच्या डोक्यात पडणार या भीतीने आमच्या आळीत आठवडाभर कोणी अंगणात पापड वाळत घातले नव्हते. मी ते फ्लोराला सांगितलं. मावशींनी ऐकलं आणि बसायला दिलेली खुर्ची चार हात बाजूला घ्यायला लावली.

मधोमध काचेच्या गोळ्यात चंद्रावरचा खडा होता, मुगाएवढा. मी हात जोडायचीच बाकी होते. तीस वर्षं फळ्यावर खडूने ज्याच्या कला काढल्या त्याचा तुकडा समोर होता. मावशी वाकून बघून मला हळूच म्हणाल्या, "असे मी तांदळातून निवडून फेकते गो."

इतक्यात सहल आली. चौथीची तीसेक मुलं. ती बाईंना सरळ नावाने हाका मारत होती आणि बाईंना त्याचं काही नव्हतं. मला कोणी "ए कुसुम" म्हणालं असतं तर तिची आजीसुद्धा शाळेत बोलावली गेली असती. व्यवस्थापकही तसेच: अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात सँडल, खिशात वही. आमचे मुख्याध्यापक झोपतानाही बंद गळ्याचा कोट काढत नसावेत. ओर्ना सुरेख बोलत होती. मला शब्द कळत नव्हते, पण शिकवणं कळत होतं. कुठे थांबायचं, कुठे विचारायचं, हे तिला बरोबर येत होतं. व्यवस्थापकांची वही अजून खिशातच होती.

मुलं पुढच्या दालनात गेली. चंद्रावर जाणाऱ्या अग्निबाणाची दोन पुरुष उंच प्रतिकृती होती, तिच्यापाशी मावशी थांबल्या. "डबा हिच्या पायाशी टेकव नि उचल," म्हणाल्या. "माझे गुडघे नाय वाकत." फ्लोरा त्यांना हाताला धरून मुलांमागे निघाली. मी पिशवी टेकवली आणि सवयीने हात जोडले. डोळे उघडले तर बाजूच्या बोळातल्या भिंतीवर एक फोटो: सायकल, तिच्या कॅरियरवर दोरीने बांधलेलं अग्निबाणाचं नाकाड, सायकल धरून चालणारा शर्टातला माणूस. खाली इंग्रजीत लिहिलेलं: भारत.

मी उठले आणि फोटोकडे गेले. आमच्या गल्लीत रॉकेलचा डबा बांधतात तशीच ती दोरी आडवी-उभी आवळलेली. एवढ्या जगाच्या इतिहासात आपली सायकल बघून ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला. मधेच रखवालदार येऊन हिब्रूत काही विचारून मागे बोट दाखवत होता. मी हसून मान हलवली, आपल्याकडे भिडस्त माणूस हलवतो तशी, हो की नाही ते समोरच्याने ठरवावं. त्याने नाही असं ठरवलं.

शिट्टी वाजली. दोन मिनिटांत अख्खं संग्रहालय मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला. धक्काबुक्की नाही की रडारड नाही. मुलं रांगेत बसली, बाईंनी डोकी मोजली. काय शिस्त, असं मी कौतुकाने फ्लोराला म्हणाले. मावशी माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या.

"डबा कुठं हाय गो?"

डबा अग्निबाणाच्या पायाशीच राहिला होता. खरं सांगते, गप्प राहायचा विचार मनात आला. बोलले तर ओर्नाच्या घरच्यांनीच घोळ घातला हे उघड होणार, आणि तेही आजच. ज्या मुलीने आजीला गप्प बसवायला माझी मदत घेतली, तिचं काम माझ्याच हातून जाणार. पण दौत सांडून गप्प बसणाऱ्या किती मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलंय. मावशी एवढंच म्हणाल्या, "जा, सांग."

मी व्यवस्थापकांपुढे जाऊन इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमची पिशवी असली तरी पोलिसांचा माणूस निघालाय, नियमाप्रमाणे तो तपासल्याशिवाय कोणी आत जाणार नाही. ओर्नाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग जमिनीकडे.

अर्धा तास काढायचा होता. मुलं चुळबुळू लागली. ओर्नाचं सगळं शिकवणं आतल्या वस्तूंवर बेतलेलं, आणि इथे अंगणात नुसती माती. एका मुलीने हात वर करून विचारलं, पिशवीत काय होतं? ओर्नाने मला विचारलं. मी म्हटलं, मलिदा. तिने सांगितलं. मग प्रश्नावर प्रश्न: मलिदा म्हणजे काय, कोणासाठी, आणि एलियाहूचा खाऊ अग्निबाणाजवळ कशाला?

ओर्ना मावशींकडे वळून, मी आल्यापासून प्रथमच, मराठीत बोलली.

"सांग, सावता. खंडाळ्याचं सांग."

"तूच तोंड बंद ठेवायला लावलंस."

"आता उघड."

मावशींनी पदर बाजूला केला. आमचे लोक समुद्रात गलबत फुटून कोकणात लागले, सगळं विसरले, एक शब्बाथ, शनिवारी काम न करणं, तेवढा राहिला. तेव्हा एलियाहू आगीच्या रथातून खंडाळ्याला उतरला, धीर देऊन गेला आणि जाताना कातळावर घोड्यांच्या टापा उमटल्या, असं त्या मराठीत सांगत गेल्या आणि ओर्ना हिब्रूत. एका मुलाने विचारलं, घोडे वर जात होते तर खाली ठसे का? ओर्नाचा चेहरा एकदम उजळला.

तिने सगळ्यांना उभं केलं आणि जागेवर उंच उडी मारायला लावली. मग खाली वाकून आपापल्या पावलांचे ठसे बघायला सांगितले. चालताना पडतात त्याहून ते खोल होते. फ्लोरा मला भाषांतर करून सांगत होती: वर जायचं तर आधी खाली दाबावं लागतं, घोड्याला, तुम्हाला आणि अग्निबाणालाही. जितकं उंच, तितकं जोरात. क्रिया-प्रतिक्रियेचा हा धडा मी तीस वर्षं शिकवला, फुगे फुसफुसवून शिकवला, पण अशी टाप कधी सुचली नाही. मुलं उड्यांवर उड्या मारत होती. पोलिसांचा माणूस आला, आत गेला, तरी कोणाचं लक्ष नव्हतं. व्यवस्थापकांनी मात्र खिशातून वही काढली होती.

पिशवीचं विचारणारी ती मुलगी आता विचारत होती, रथ केवढा होता? दोन चाकांमधे अंतर किती? मावशींनी हात पसरून दाखवले, ते तिला पटेना. ओर्ना विश्वासाने माझ्याकडे वळली. फ्लोराने मला तिचं वाक्य सांगितलं: दोदा कुसुम तिथलीच आहे आणि शास्त्र शिकवते, तिला माहीत असेल.

तीस कोवळी तोंडं माझ्याकडे वळली. मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात पोलिसांचा माणूस उघडा डबा हातात घेऊन बाहेर आला आणि मी वाचले. त्याने विचारलं, हे खायचं असतं का? मावशींनी त्याच्या तळव्यावर पहिली मूठ घातली, मग मुलांच्या, मग व्यवस्थापकांच्या. ते मलिदा चघळत म्हणाले की घडल्या प्रकाराचा अहवाल लिहावाच लागेल आणि ओर्नाने पुढल्या आठवड्यात येऊन भेटावं. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

शुक्रवारी माझं विमान होतं. निकाल न कळताच निघाले. विमानतळावर ओर्नाने मला मिठी मारली, त्यामुळे आणखीच अपराधी वाटलं.

खंडाळे

पत्र महिन्याने आलं, फ्लोराच्या अक्षरात. ओर्ना कायम झाली. अहवालात माझं वर्णन "भारतातून आलेली विसराळू पाहुणी" असं आहे आणि ते मला मान्य आहे. आता प्रत्येक सहल आधी अंगणात नेतात, उड्या मारायला लावतात आणि मग आत. खाली ओर्नाचा निरोप होता: मुलं अजून रथाची रुंदी विचारतात. दोदा कुसुमने मोजून कळवावी.

आळीत आता बेने इस्रायलींची मोजकीच घरं उरलीत. त्यांच्यातल्या एका काकूंना घेऊन एसटीने खंडाळ्याला गेले. काकूंनी मलिद्याचं ताट मांडलं, प्रार्थना म्हटली. मावशींचं आणि ओर्नाचं नाव घेऊन मी हात जोडले. मग शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि पदर खोचून कातळावर गुडघे टेकले. काकू बघतच राहिल्या. त्या कातळाबद्दल कोणी विचारो न विचारो, मी उभा जन्म मत देत आले होते. मोजला मात्र आजच.

दोन रेघांमधलं अंतर चार फूट दोन इंच भरलं. ते पाकिटाच्या मागे लिहिलं. मलिदा पोटभर खाल्ला, अगदी लहानपणीसारखा. हात धुतले आणि टेप पुन्हा लावली. एकदाच मोजून लिहायचं नसतं, असं मुलींना मीच शिकवत आले होते.